तळाची भाषा जाणणारा माणूस : ॲलन ट्युरिंग

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या मंडळात स्मरणिकेसाठी लेख मागण्याची लगबग सुरू होते. यंदा संपादकांनी आम्हाला संगणकाबद्दल लिहायला सांगितले आणि वर अट घातली की, लेख घरातल्या आजी-आजोबांनाही वाचता आला पाहिजे. आम्ही राज्य शासनाचे साधे कर्मचारी, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. या विषयात आमचा फार मोठा अधिकार नाही. पण डिप्लोमाला असताना असेंब्ली भाषा नावाचा एक विषय आम्हाला भेटला आणि तो मनातून कधी गेला नाही. त्या भाषेच्या मुळाशी जाताना ज्या माणसाची ओळख झाली, त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

आरंभी गणरायाचीच एक गोष्ट आठवते. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले. गणपतीची अट होती की, सांगणे मध्येच थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. संगणक हाही एक लेखनिकच आहे. तो न थकता, न थांबता काम करतो. फक्त दुसरी अट त्याला लागू नाही. सांगितलेले समजले की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ही गोष्ट ज्यांनी खोलवर ओळखली, ते ॲलन ट्युरिंग.

ॲलन मॅथिसन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. घराण्याचा हिंदुस्थानशी जवळचा संबंध होता. वडील ज्युलियस ट्युरिंग इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, मद्रास इलाख्यात नोकरीला होते. आई एथेल सारा यांचा जन्म दक्षिणेतल्या पोदनूरचा. त्यांचे वडील मद्रासकडील रेल्वेत मुख्य अभियंता होते. ॲलनच्या जन्माआधी वडिलांची नेमणूक छत्रपूरला होती, जे आज ओडिशात आहे. पण मुलांना हिंदुस्थानात न ठेवता इंग्लंडमध्येच समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज भागात एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवले गेले. आईवडील वर्षानुवर्षे हजारो मैलांवर. बदलीच्या नोकरीत मुलांची कशी ओढाताण होते, हे सरकारी नोकरांच्या घरांत वेगळे सांगायला नको.

ॲलन चौदाव्या वर्षी शेरबोर्नच्या शाळेत दाखल झाला. तो १९२६ चा मे महिना होता आणि इंग्लंडभर सार्वत्रिक संप सुरू होता. रेल्वे बंद. हा मुलगा साउथॅम्प्टनहून सायकलीवर निघाला, वाटेत एक मुक्काम केला आणि सुमारे साठ मैल तुडवून शाळेत हजर झाला. हस्ताक्षर वाईट, वह्यांवर शाईचे डाग, पण गणित मात्र स्वतःच्या पद्धतीने सोडवणारा. तिथे त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा बुद्धिमान मित्र मिळाला. खगोलशास्त्र आणि गणित या दोघांच्या गप्पांचे विषय. १९३० च्या फेब्रुवारीत क्षयाच्या विकाराने ख्रिस्तोफर गेला. हा घाव ॲलनने जन्मभर वागवला. मित्राचे मन आता कुठे असेल, मन म्हणजे नेमके काय, या प्रश्नांनी तो तेव्हापासून अस्वस्थ झाला.

१९३१ मध्ये ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिथले फेलो झाले. त्या काळी गणितज्ञांपुढे हिल्बर्ट यांनी मांडलेला एक मोठा प्रश्न होता. गणितातले कोणतेही विधान दिले, तर ते सिद्ध होऊ शकते की नाही हे ठरवणारी एखादी ठाम, यांत्रिक रीत आहे काय? इतरांनी रीत शोधायला सुरुवात केली. ट्युरिंग यांनी आधी रीत म्हणजे काय हेच तपासायला घेतले.

त्या काळात इंग्रजीत कॉम्प्युटर हा शब्द यंत्राला नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या माणसाला वापरत. म्हणजे आपल्या भाषेत हिशेबाचा कारकून. ट्युरिंग यांनी हा कारकून डोळ्यांपुढे आणला. चौकोनांचा कागद, हातात पेन्सिल. एका वेळी तो थोडीच चिन्हे पाहतो, मनात कुठवर आलो याची एक खूण ठेवतो, एखादे चिन्ह खोडतो किंवा लिहितो आणि शेजारच्या चौकोनाकडे वळतो. कितीही मोठा हिशेब असो, तो अशाच बारीक पायऱ्यांचा असतो. मग त्यांनी कारकून काढून टाकला आणि त्याच्या जागी एक काल्पनिक यंत्र ठेवले. चौकोनांची लांबच लांब पट्टी आणि नियमांचे एक कोष्टक. १९३६ मध्ये त्यांनी हा निबंध सादर केला आणि दाखवून दिले की, हिल्बर्ट यांना हवी असलेली सर्वसमावेशक रीत असूच शकत नाही.

त्याच निबंधात आणखी एक विलक्षण कल्पना होती. एका यंत्राचे नियमच चिन्हांत लिहून दुसऱ्या यंत्राच्या पट्टीवर ठेवले, तर ते दुसरे यंत्र पहिल्याचे काम हुबेहूब करू शकते. म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र नको. एकच यंत्र पुरे. बदलायची ती फक्त पट्टीवरची आज्ञावली. आज आपल्या हातातला मोबाइल सकाळी पंचांग दाखवतो, दुपारी वीजबिल भरतो आणि संध्याकाळी आरती ऐकवतो, त्याचे बीज इथे आहे. आज्ञा आणि आकडे ही एकाच जातीची वस्तू आहे, हे सूत्र यातूनच पुढे आले.

आम्हाला हे सूत्र समजले ते पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत. तिथे ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे किट होते. पडदा नाही, माउस नाही. फक्त बटणे आणि लाल आकड्यांची छोटी खिडकी. पाच आणि तीन यांची बेरीज करायची, तर आधी वहीत असेंब्ली भाषेत आज्ञा लिहायच्या. एमव्हीआय ए, म्हणजे ए या रजिस्टरमध्ये पाच ठेव. एमव्हीआय बी, म्हणजे बीमध्ये तीन ठेव. ॲड बी, म्हणजे बीमधला आकडा एमध्ये मिळव. एसटीए, म्हणजे उत्तर मेमरीतल्या अमुक घरात ठेव. एचएलटी, म्हणजे थांब. इथले रजिस्टर म्हणजे कचेरीतली जाड वही नव्हे. प्रोसेसरच्या पोटात हाताशी असलेला, एकच आकडा मावेल एवढा कप्पा.

पण किटला ही अक्षरेही कळत नसत. पुस्तकातला तक्ता पाहून प्रत्येक आज्ञेचा सांकेतिक आकडा शोधावा लागे. एमध्ये ठेव याला ३ई, बीमध्ये ठेव याला ०६, बेरजेला ८०, साठवायला ३२, थांबायला ७६. असेंब्ली भाषा म्हणजे एवढेच. यंत्राच्या एका आज्ञेला माणसाच्या लक्षात राहील असे एक छोटे नाव. नावाचा आकडा करण्याचे जे काम आम्ही हाताने केले, तेच काम करणाऱ्या प्रोग्रामला असेंब्लर म्हणतात. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि कागदावर इंग्रजी अशा तीन भाषांत पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे भाषांतर समजायला अवघड जाऊ नये. फरक इतकाच की, इथे शब्दाला शब्द असतो. भावार्थ नसतो. आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची तळाची भाषा निराळी असते. एकाची असेंब्ली दुसऱ्याला चालत नाही.

पहिल्याच प्रयोगात आमचे उत्तर हरवले. २०५० या घरात आठ यायला हवे होते, तिथे भलताच आकडा. या प्रोसेसरची रीत अशी की, घराचा पत्ता देताना मागचे दोन आकडे आधी द्यायचे, म्हणजे ५० आधी आणि २० नंतर. आम्ही सरळ क्रमाने दिले. यंत्राने निमूटपणे उत्तर ५०२० या घराकडे पाठवून दिले. तक्रार नाही, सूचना नाही. यंत्राने चूक केलीच नव्हती. आज्ञा बिनचूक पाळली जाणे वेगळे आणि योग्य गोष्ट घडणे वेगळे, हा धडा आम्हाला त्या दिवशी मिळाला. ट्युरिंग यांच्या आयुष्यात हाच धडा फार क्रूर रूपात येतो, ते पुढे पाहू.

अमेरिकेत प्रिन्स्टनला डॉक्टरेट घेऊन ट्युरिंग १९३८ मध्ये परतले. दुसऱ्या वर्षी महायुद्ध पेटले आणि ४ सप्टेंबर १९३९ रोजी ते ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात रुजू झाले. जर्मन लष्कर आपले संदेश एनिग्मा यंत्राने गूढ लिपीत घालत असे आणि त्या यंत्राची मांडणी रोज बदलत असे. पोलंडच्या गणितज्ञांनी त्याचा भेद आधीच सुरू केला होता. त्यांच्या कामाच्या आधारावर ट्युरिंग यांनी बॉम्ब नावाच्या नव्या शोधयंत्राची रचना केली आणि गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात मोलाची भर घातली. संदेशात हवामानाच्या वृत्तासारखा एखादा ठरावीक मजकूर असणार असा अंदाज धरायचा आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या मांडण्या यंत्राने झपाट्याने बाद करायच्या, अशी ती रीत होती. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची रसद बुडवत होत्या. त्या नौदलाची एनिग्मा फोडणाऱ्या विभागाचे ट्युरिंग प्रमुख होते. पण हे सारे इतके गुप्त होते की, १९७० च्या दशकापर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये ते नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेले आणि एसीई नावाच्या संगणकाचा सविस्तर आराखडा त्यांनी तयार केला. त्यात आज्ञांची कोष्टके यंत्रासाठी एका रूपात आणि माणसाला वाचण्यासाठी वेगळ्या रूपात लिहिण्याचा विचार होता. नेहमी लागणारे छोटे काम एकदाच लिहून ठेवावे, मुख्य कामातून तिकडे जावे आणि परत येताना आधीची जागा सापडावी म्हणून ती पुरून ठेवावी, अशी सोयही त्यांनी सुचवली होती. पुरणे आणि उकरणे या अर्थाचेच इंग्रजी शब्द त्यांनी वापरले. आजच्या प्रत्येक संगणकात हे चालते. शिवाय आज्ञा लिहिण्यातला जो भाग निव्वळ यांत्रिक आहे, तो यंत्राकडेच सोपवता येईल, हेही त्यांनी ओळखले होते. १९४७ च्या एका व्याख्यानात तर त्यांनी इशारा दिला की, हे काम जाणणारे लोक आपले महत्त्व टिकवण्यासाठी त्याभोवती गूढ शब्दांचे जाळे विणू शकतील. सरकारी कचेरीत पाऊल टाकलेल्या कोणालाही हे पटेल.

प्रयोगशाळेतल्या दिरंगाईला कंटाळून ट्युरिंग १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गेले. त्याच वर्षी २१ जूनला तिथल्या छोट्या प्रायोगिक यंत्राने मेमरीत साठवलेला पहिला प्रोग्राम चालवला होता. त्यात फक्त सतरा आज्ञा होत्या. याच सुमारास माणसाची सोय पाहणारे प्रयत्न इतरत्र सुरू झाले. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात कॅथलीन बूथ यांनी १९४७ मध्ये आज्ञा लिहिण्याची संक्षिप्त पद्धत मांडली. असेंब्ली भाषेची सुरुवात तिथून धरतात. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रासाठी डेव्हिड व्हीलर यांनी १९४९ मध्ये एकतीस आज्ञांचा असा प्रोग्राम रचला की, बेरजेला ए, वजाबाकीला एस अशी अक्षरे दिली की यंत्र स्वतःच त्यांचे अंकांत रूपांतर करी.

मँचेस्टरला मात्र ट्युरिंग यांनी वेगळीच वाट धरली. यंत्रातले पाच-पाच बिट म्हणजे टेलिप्रिंटरच्या बत्तीस चिन्हांपैकी एक. शून्यासाठी तिरकी रेघ, एकसाठी ई, दोनसाठी ॲट, तीनसाठी ए, अशी ती माळ. आकडेही उलटे, लहान स्थान आधी. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ही माळ पाठ करावी अशी त्यांची अपेक्षा. या यंत्रासाठी त्यांनी मार्गदर्शक पुस्तिकाही लिहिली. असे सांगतात की, एका परिषदेत फळ्यावर उदाहरण देताना त्यांनी नेहमीचे आकडेही उलटे लिहिले आणि श्रोते बुचकळ्यात पडले. सामान्य माणसाला हे किती जड जाते, याची त्यांना कल्पनाच येत नसावी. इथे त्यांची बाजू लंगडी होती असे आमचे मत आहे. सोपी भाषा केंब्रिजवाल्यांनी दिली आणि पुढचे जग त्याच वाटेने गेले. पण तळाशी काय चालते हे कोणीतरी जाणले पाहिजे, हा ट्युरिंग यांचा आग्रह मात्र खरा होता. प्रोग्राम योग्य आहे हे चालवून पाहण्याआधी कागदावर तपासता यावे, अशी रीत त्यांनी १९४९ मध्येच मांडली. १९५० मध्ये त्यांनी यंत्र विचार करू शकेल काय, या प्रश्नावरचा प्रसिद्ध लेख लिहिला. १९५१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

आणि मग १९५२ साल आले. त्यांच्या घरी चोरी झाली. ते पोलिसांकडे गेले. चौकशीत एका तरुणाशी असलेला आपला संबंध त्यांनी लपवला नाही. पुरुषापुरुषांतले असे संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होते. १८८५ चा कायदा होता, कलम होते, कबुली होती. पोलिसांनी आपले काम केले, न्यायालयाने आपले. ३१ मार्च १९५२ रोजी खटला चालला. तुरुंग किंवा संप्रेरकांचे उपचार, असा पर्याय त्यांच्यापुढे आला. त्यांनी वर्षभराचे उपचार पत्करले. गुप्तलिपीच्या सरकारी कामाची दारे त्यांना बंद झाली. ज्या राज्याला त्यांनी युद्धात वाचवायला मदत केली, त्याच राज्याने त्यांना अपराधी ठरवले; आणि ती मदत गुप्त असल्यामुळे बचावात सांगताही येत नव्हती.

८ जून १९५४ रोजी घरकाम करणाऱ्या बाईंना ते अंथरुणात मृतावस्थेत सापडले. मृत्यू आदल्या दिवशी सायनाइडने झाला होता. शेजारी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. चौकशीचा निकाल आत्महत्येचा लागला, पण हा अपघात होता असे आई शेवटपर्यंत मानत राहिली. बेचाळिसावा वाढदिवस सोळा दिवसांवर होता.

पुढे जगाने त्यांना मान दिला. १९६६ पासून संगणकशास्त्रातला सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. २००९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी सरकारच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली, २०१३ मध्ये शाही माफी मिळाली आणि २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. ब्रिटिशांनीच आपल्याकडे १८६० मध्ये आणलेल्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले. ट्युरिंग यांना जाऊन तोवर चौसष्ट वर्षे झाली होती.

हे सारे आम्हाला का लिहावेसे वाटले, ते सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी एका कचेरीत आपल्यातल्याच एक आजी निवृत्तिवेतनाच्या कामासाठी खेटे घालत होत्या. जुन्या कागदांवर त्यांच्या आडनावात ळ होता. हिंदीत काम करणाऱ्या कोणीतरी संगणकात ल टाकला होता. आपल्या किती घरांनी हे भोगले आहे! संगणक अर्ज परत करी, आणि खिडकीवरचा माणूस म्हणे की मशीन घेत नाही, आम्ही काय करणार. आम्हाला ते किट आठवले. संगणकाच्या पोटात ल म्हणजे ०९३२ आणि ळ म्हणजे ०९३३. दोन अक्षरे सारखी आहेत का हे पाहायला प्रोसेसर एकातून दुसरे वजा करतो. बाकी शून्य आली तर सारखी, नाही तर वेगळी. आजींचा अर्ज एका आकड्याच्या फरकाने अडला होता. यंत्राला ळ आणि ल यांतले नाते माहीत नव्हते, आणि आजी समोर उभ्या आहेत हेही माहीत नव्हते. पण खिडकीवरच्या माणसाला दोन्ही दिसत होते. आम्ही ओळखीच्या एका अधिकाऱ्याला ही गोष्ट कागदावर मांडून दाखवली, त्यांनी दुरुस्तीचा अर्ज घेतला आणि काम झाले. आम्ही काही मोठे केले नाही. तळाशी काय चालते ते थोडे ठाऊक होते, म्हणून मशीन घेत नाही या उत्तरापाशी थांबलो नाही, इतकेच.

आज घरोघरी मुले संगणक शिकतात. वरच्या वर सोप्या भाषांत मोठमोठे प्रोग्राम लिहितात, आणि आता तर यंत्रेच प्रोग्राम लिहून देऊ लागली आहेत. चांगलेच आहे. तरी आमची विनंती आहे की, मुलांनी एकदा तरी पाच आणि तीन यांची बेरीज असेंब्ली भाषेत करून पाहावी. यंत्र किती थोडे जाणते, हे त्याशिवाय उमगत नाही. आणि नोकरीत असोत वा व्यवसायात, कोणाचे भवितव्य ठरवणारी आज्ञा हातून जाणार असेल, तर व्यासांनी गणरायाला घातलेली अट त्यांनी स्वतःला घालून घ्यावी. आधी समजावे, मग लिहावे. यंत्राला ते जमत नाही. ते माणसाचे काम आहे.

बुद्धिदात्या गणरायाच्या चरणी एवढीच प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!